व्हिजिटिंग कार्डाच्या मागची गॅरंटी

फ्रिज साडेसहा हजारांचा, टेम्पोचं भाडं वेगळं आणि पावती म्हणून हातात पडतं ते दुकानदाराचं व्हिजिटिंग कार्ड. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनानं लिहिलेलं असतं, '३ महिने ग्यारंटी', आणि खाली लफ्फेदार सही. तारीख नाही, कंपनीचं नाव नाही, किती पैसे दिले तेही नाही. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही शहरात दुरुस्तीच्या छोट्या गाळ्यांमधून जुने फ्रिज आणि वॉशिंग मशीन रोज असेच विकले जातात. घेणारा कधी वसतिगृह सोडून खोली घेतलेला विद्यार्थी असतो, कधी पहिलंच बिऱ्हाड थाटणारं जोडपं, कधी डबे करून देणाऱ्या एखाद्या ताई. त्यांच्यासाठी साडेसहा हजार रुपये ही महिन्याच्या हिशेबात जाणवणारी रक्कम असते. गाळ्याचं भाडं काढणाऱ्या मेकॅनिकसाठीही ती तितकीच मोलाची असते.

या गाळ्यांमधल्या हुनराला नावं ठेवायला जागा नाही. भंगारात निघालेलं यंत्र उघडायचं, धुवायचं, मोटर नाहीतर कॉम्प्रेसर बदलायचा आणि पुढची चार-पाच वर्षं चालेल असं करून कुणाच्या तरी घरी पोचवायचं, हे काम मोठं आहे. ज्यांना नवं परवडत नाही त्यांच्या स्वयंपाकघरात गार पाणी पोचतं ते या मंडळींमुळे. पण हातातला पाना खाली ठेवून पेन उचलायची वेळ आली की हाच कसबी माणूस आखडतो. त्यात नुकसान त्याचंही होतं आणि घेणाऱ्याचंही.

दुपारी अशा एखाद्या गाळ्यात जरा वेळ थांबून पाहावं. सेमी-ऑटोमॅटिक मशीन आडवं पाडलेलं असतं, मागचं झाकण उघडं. मेकॅनिक बेल्ट काढून पुली हातानं फिरवतो आणि कान देतो. बारीक खरखर ऐकू आली की मान हलवतो, बेअरिंग गेलं. मग स्पिनच्या मोटरला क्लॅम्प मीटर लावतो, कॅपॅसिटर बदलून पाहतो, बॉडीला टेस्टर टेकवून करंट उतरतोय का ते बघतो. तासाभरात त्या मशीनची सगळी कुंडली त्याच्या डोक्यात तयार असते: काय बदललं, काय जुनंच ठेवलं, काय अजून वर्षभर निघेल आणि काय दिवाळीपर्यंतही टिकणार नाही. संध्याकाळी घेणारा येतो, तेव्हा या सगळ्यातलं एकच वाक्य उरतं. 'एकदम चालू कंडिशन आहे, साहेब.'

जुन्या यंत्राच्या विक्रीत मेकॅनिकचं स्थान वेगळं आहे ते यामुळेच. शेजारच्या काकूंनी आपला फ्रिज विकला तर आतल्या गॅसचं त्यांना काही ठाऊक नसतं. ज्यानं यंत्र खोलून पाहिलं, त्याला 'मला काय कल्पना' म्हणता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यात फसवणुकीच्या व्याख्येत माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं स्पष्टपणे धरलं आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यानुसार घेणाऱ्यानं वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते त्या दोषांबद्दल नंतर ओरड करता येत नाही. पण दाराचा गंज डोळ्यांना दिसतो, बेअरिंग दिसत नाही. म्हणून बिलावर 'जशी आहे तशी' असा शिक्का मारला की आपण सुटलो, ही समजूत मेकॅनिकांनी सोडलेली बरी. जे त्याला कळलं होतं आणि समोरच्याला कळणं शक्य नव्हतं, ते त्या शिक्क्याखाली झाकता येत नाही.

या बाबतीत आपले बैलबाजार पुढे होते. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, पण त्याआधी दात पाहिले जायचे, बैल चालवून बघितला जायचा आणि खोड विचारली जायची. मारका आहे का, जुवाखाली बसतो का. खोड लपवून बैल विकणाऱ्याचं नाव पुढच्या बाजारात निघायचं. आणि बाजार समितीची पावती खिशात असल्याशिवाय शहाणा शेतकरी जनावर घेऊन रस्त्याला लागत नाही. जुन्या दुचाकीचं आरसी बुक नावावर झाल्याशिवाय आपण पूर्ण पैसे मोजत नाही. फ्रिज मात्र व्हिजिटिंग कार्डावर घेतो, आणि खोड विचारायची राहून जाते.

खरं तर कागद विक्रीच्या आधीपासून लागतो, यंत्र दुकानात येतं त्या दिवसापासून. ही यंत्रं येतात कुठून? सणासुदीच्या एक्स्चेंज ऑफरमधून, मे-जूनमध्ये शहर सोडून जाणाऱ्या मुलांकडून, पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींमधून, बदली झालेल्या कुटुंबांकडून. फोन येतो, टेम्पो जातो, दोन-अडीच हजार रोख दिले जातात आणि यंत्र गाळ्यात येतं. देणाऱ्याचं नाव मोबाइलमध्ये 'फ्रिज कोथरूड' असं सेव्ह झालेलं असतं.

आता ते यंत्र देणाऱ्याचं होतं का, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आज मोठ्या शहरांत घरगुती उपकरणं महिन्याच्या भाड्यानं देणाऱ्या कंपन्या आहेत. घरमालकानं सामानासकट दिलेले फ्लॅटही भरपूर आहेत. खोली सोडताना भाडेकरूनं भाड्याचा फ्रिज विकून टाकला, तर मेकॅनिकनं मोजलेले पैसे खरे असले तरी फ्रिज त्याचा होत नाही. जे विकणाऱ्याचं नाही त्याची मालकी विकत घेणाऱ्याला मिळत नाही, हे वस्तू विक्री कायद्याच्या कलम २७ चं मूळ तत्त्व आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, पण भाडेकरूच्या चोरट्या विक्रीला त्यांचा आधार मिळायचा नाही. माल चोरीचा निघाला तर गाठ भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ शी पडते. चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, माल घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा वेळी 'मी विश्वासानं घेतला' हे नुसतं तोंडानं सांगणं आणि तारखेसह सही केलेला कागद पोलिसांपुढे ठेवणं यात फार अंतर पडतं.

तो कागद पाच ओळींचा असला तरी पुरतो. देणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल. यंत्राचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर. किती रुपये दिले. आणि 'ही वस्तू माझ्या मालकीची आहे, भाड्याची नाही, तिचा कुठलाही हप्ता थकलेला नाही' हे वाक्य, त्याखाली सही. मूळ बिल मिळालं तर त्याचा मोबाइलवर फोटो. आधार कार्डाची झेरॉक्स गोळा करून गल्ल्याखालच्या पिशवीत कोंबायची गरज नाही. ओळखपत्र बघितलं अशी नोंद केली, किंवा शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घेतलं, तरी काम भागतं. लोकांच्या ओळखपत्रांचे गठ्ठे दुकानात पडून राहणं चांगलं नाही.

सिरियल नंबरचा आग्रह का, तेही सांगायला हवं. फ्रिजचं स्टिकर बहुधा आतल्या भिंतीवर भाजीच्या ट्रेजवळ नाहीतर मागच्या बाजूला असतं, मशीनचं मागे किंवा दाराच्या कडेला. बरीच वर्षं झाली की ते पुसट होतं, मग ओल्या फडक्यानं पुसून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की आकडे उमटतात. हा नंबर खरेदीच्या कागदावर आणि विक्रीच्या बिलावर एकच असला की तिसऱ्या महिन्यात 'हा तुम्ही विकलेला फ्रिजच नाही' आणि 'हाच आहे' हा वाद उरत नाही. दोन बंद मशीनांचं एक चालू मशीन करण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण बॉडी एका सालची आणि मोटर दुसऱ्या सालची असेल, तर स्टिकरवरचं साल बघून भाव करणाऱ्याला ते सांगितलंच पाहिजे. स्टारचंही तेच. ऊर्जाबचतीचे निकष वेळोवेळी कडक होतात. एसीचे २०१८ मध्ये बदलले आणि २०२२ मध्ये पुन्हा. त्यामुळे जुन्या एसीवरच्या पाच स्टारना लेबलचं साल लिहिल्याशिवाय अर्थ राहत नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात आणखी एक रांग असते, तिच्याकडे बघून मेकॅनिक उसासा टाकतो. दुरुस्तीला दिलेली आणि पुन्हा न नेलेली यंत्रं. मिक्सर, ओव्हन, एखादं वॉशिंग मशीन. काम होऊन सहा महिने झाले, मालक फोन उचलत नाही, नंबर बंद. जागा अडते, पार्टचे पैसे अडकतात. शेवटी वैतागून तो ते विकतो आणि नेमक्या त्याच महिन्यात मालक उगवतो. इथे कायदा मेकॅनिकला वाटतो तितका त्याच्या बाजूचा नाही. करार कायद्याचं कलम १७० त्याला एवढाच हक्क देतं की आपल्या मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत त्यानं वस्तू अडवून ठेवावी. अडवून ठेवायचा हक्क म्हणजे विकायचा हक्क नाही. गहाण ठेवून घेणाऱ्याला वाजवी नोटीस देऊन विकता येतं, दुरुस्तीवाल्याला ती सोय आपोआप मिळत नाही. त्यासाठी मशीन दुरुस्तीला घेतानाच जॉब कार्डवर अट लिहून मालकाची सही घ्यावी लागते: काम झाल्याचं कळवल्यापासून इतक्या दिवसांत नेलं नाही, तर लेखी सूचना देऊन वस्तू विकली जाईल आणि मजुरी वळती करून उरलेली रक्कम परत केली जाईल. पावतीच्या मागे बारीक टायपात छापलेल्या 'तीस दिवसांनंतर जबाबदारी नाही' या ओळीवर कुणी विसंबू नये. सही असलेली ठळक अट आणि पाठवलेल्या मेसेजचा पुरावा, एवढं हाताशी असलं तर त्या मशीनला हात लावावा. नसेल तर मालकाला शोधून त्याची संमती घेतलेली बरी.

विक्रीच्या कागदात सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गॅरंटी या शब्दावरून. तीन महिने गॅरंटी, पण कशाची? कॉम्प्रेसरची की थर्मोस्टॅटचीही? पार्ट फुकट आणि मजुरी वेगळी, की दोन्ही फुकट? व्होल्टेज वर-खाली होऊन पीसीबी जळाला तर? आणि ज्यावरून खरी हातघाई होते ती गोष्ट म्हणजे हमाली. फ्रिज तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुकानात न्यायचं म्हटलं की दोन माणसं, टेम्पो, परत आणणं. दोन्ही वेळचे पैसे कुणी द्यायचे हे आधी ठरलेलं नसतं. मेकॅनिक म्हणतो तुम्ही आणून द्या, घेणारा म्हणतो गॅरंटी तुमची आहे. बहुतेक वेळा फ्रिज तिथेच बंद उभा राहतो आणि त्यात कपडे ठेवले जातात. 'घरी येऊन दुरुस्ती, व्हिजिट चार्ज नाही. दुकानात न्यावं लागल्यास वाहतूक निम्मी-निम्मी' अशी एक ओळ हे सगळं वाचवू शकते. ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं.

बिलावर कुठला गॅस भरला ते लिहिण्याचा आग्रह तर अजिबात सोडता कामा नये, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. आजच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचा भाऊबंद आणि तसाच पेट घेणारा. त्याआधीच्या फ्रिजमध्ये आर-१३४ए असायचा, तो पेटत नाही. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलताना गॅसही बदललेला असू शकतो, आतली कॉइल गळते म्हणून मागे बाहेरून जाळी बसवलेली असू शकते. स्टिकर मात्र जुनंच सांगत राहतं. वर्षभरानं दुसऱ्याच गावचा दुसराच मेकॅनिक तो फ्रिज उघडतो आणि पाइप जोडायला गॅसची ज्योत पेटवतो. आत काय भरलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. विकणाऱ्यानं बिलावर लिहिलेली आणि फ्रिजच्या मागे चिकटवलेली एक ओळ त्या अनोळखी भाईबंदाचे हात वाचवते. धंद्यातल्या माणसांनी एकमेकांसाठी एवढं करायलाच हवं.

मेकॅनिक मंडळींशी या विषयावर बोलायला गेलं की एक उत्तर हमखास मिळतं: 'आपल्याकडे जीएसटी नाही, त्यामुळे बिल देता येत नाही.' हा गैरसमज मुळापासून काढायला हवा. जीएसटीची नोंदणी नसलेला माणूस कर आकारू शकत नाही, पण साधं बिल जरूर देऊ शकतो. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. दुरुस्ती आणि विक्री दोन्ही करणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. त्याखालच्या गाळ्यानं कराचा रकाना नसलेलं छापील बिलबुक वापरावं. ज्याची नोंदणी आहे त्याच्यासाठीही जुन्या मालाची वेगळी सोय आहे. खरेदीवर कराची वजावट घेतलेली नसेल, तर कर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर लागतो. अडीच हजारांना घेतलेला फ्रिज सहा हजारांना गेला, तर साडेतीन हजारांवर १८ टक्के, म्हणजे ६३० रुपये. अर्थात अडीच हजारांना घेतला हे दाखवायला खरेदीचा कागद लागतो, आणि तो नसेल तर ही सवलत मागणार कशाच्या जोरावर? ५,००० रुपयांहून जास्त रक्कम मिळाल्याच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा नियमही लोक विसरत चालले आहेत.

'कागद दिला की तो आपल्याच गळ्याशी येतो,' ही दुसरी भीती. ती समजण्यासारखी आहे. दोन-तीन हजारांच्या नफ्यासाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढायला कुणाला आवडेल? पण कागद नसल्यानं त्या पायऱ्या टळत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणंही त्याच यादीत आहे. आणि मेकॅनिकच्या हिताचा खरा मुद्दा त्यापुढे येतो. सदोष वस्तू परत घेऊन पैसे परत करण्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती धरली जाते, नसेल तर कायदा तीस दिवस मोजतो. म्हणजे कागद टाळणारा माणूस आपली जबाबदारी स्वतःच लांबवून घेतो. बिलात काय असावं तेही २०२० च्या नियमांत सांगितलं आहे: विकणाऱ्याचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव, वस्तूचं वर्णन, सही. अवघड असं त्यात काही नाही.

घेणाऱ्यांनीही थोडं बदलायला हवं. 'बिल नको, दोनशे कमी करा' ही घासाघीस घेणाराच सुरू करतो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे, १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण तिथे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क मान्य होतो आहे याचा आनंदच आहे. पण त्याचा भर कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी यावर आहे. दुरुस्त होऊन पुन्हा विकल्या जाणाऱ्या यंत्राचं काय? २०२२ च्या ई-कचरा नियमांत वापरलेलं उपकरण दुरुस्त करून विकणाऱ्याला 'रिफर्बिशर' म्हणून ओळख दिली आहे, मात्र सूक्ष्म उद्योगांना त्या नियमांतून वगळलं आहे. छोट्या गाळ्यांवर नोंदणीचा बोजा नको, हे योग्यच झालं. पण बोजा नको म्हणून मार्गदर्शनही नको, असं होऊ नये. वैधमापन आणि ग्राहक खात्यानं मराठीत एका पानाचा नमुना तयार करावा आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत मोफत वाटावा. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडे यासाठी लागणारा अनुभव आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवतात. ब्रेझिंग शिकवणाऱ्या त्याच वर्गात एक दिवस जॉब कार्ड, खरेदीचा कागद आणि बिल लिहायला शिकवलं, तर बाहेर पडणारा मुलगा आपला गाळा वेगळ्या सवयीनं सुरू करील.

तोवर कुणी थांबायचं कारण नाही. गल्लीतला छापखाना शंभर पानांचं डबल बिलबुक कार्बनसकट काही शे रुपयांत करून देतो. थर्मल पेपरची चिठ्ठी वर्षभरात कोरी होते, कार्बनची प्रत राहते. तिचा फोटो घेणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर टाकला की दोघांकडेही नोंद राहते. भरलेलं पान साधारण असं दिसेल: 'फ्रिज, सिंगल डोअर, वापरलेला. सिरियल नंबर सोबत. कॉम्प्रेसर बदलला, जुना नाही. गॅस आर-१३४ए, कंपनीचा मूळ गॅस बदललेला आहे. मागे बाहेरून जाळी. अर्थिंग तपासलं, थ्री-पिन प्लगच वापरावा. घरी उभा केल्यावर चार तासांनी चालू करावा. कॉम्प्रेसर आणि गॅस तीन महिने, व्हिजिट मोफत, वाहतूक निम्मी. दिवा आणि गॅस्केटची हमी नाही. परत घ्यायचा झाल्यास सात दिवस. रोख ६,५०० पोचले. खोड: भाजीच्या ट्रेला तडा आहे, आणि दार लावताना जरा वर उचलावं लागतं.' खाली दोन सह्या, एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची.